सर्व्हिस कंपनीची मुलाखत: मार्क्स कार्डापासून बेंचपर्यंत, बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलामुलींसाठी

मी खानापूर तालुक्यातला. चौदा वर्षं पुण्यात एका सॉफ्टवेअर सर्व्हिस कंपनीत आहे, आणि त्यातली सहा-सात वर्षं फ्रेशरच्या (नुकतीच पदवी झालेल्यांच्या) मुलाखतीच्या पॅनेलवर बसतोय. सुट्टीला गावी आलो की संध्याकाळी दोन-तीन पोरं फाईल घेऊन दारात हजर. "दादा, जरा रेझ्युमे बघा की." बघतो, आणि दरवेळी तेच सांगतो: बाबा, रेझ्युमे चौथ्या नंबरचं काम आहे आणि तू ते पहिलं केलंयस. आधीची तीन कामं ऑफर हातात आल्यावर आठवतात, आणि तेव्हा पळापळ होते. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून टाकतो.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सर्व्हिस कंपनी माणसांचे तास विकते. कुठली तरी बँक, विमा कंपनी किंवा दुकानांची साखळी हा तिचा क्लायंट, आणि तुमच्या दिवसाचं बिल त्याला लागतं. त्यामुळे पॅनेलवर बसलेल्या माझ्यासारख्याच्या मनात एकच हिशेब चालू असतो: हा पोरगा सहा महिन्यांनी क्लायंटसमोर बसवला तर चालेल काय? "बेंगळुरू सोडून चेन्नईला जाशील?", "रात्रपाळी चालेल?", "प्रोजेक्ट समजावून सांग" हे सगळे प्रश्न त्याच हिशेबातून येतात.

टप्पा १: कागद. पहिल्या अर्जाच्या दोन महिने आधी

आपल्या भागात सगळ्यात जास्त जॉइनिंग अडकतात त्या नावापायी. एका मुलाची फाईल मी स्वतः पाहिली. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव, मग त्याचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आणि आडनाव एवढंच. पॅनवर वडिलांचं नाव मधोमध. कॉलेजच्या कागदावर नावापुढे नुसती दोन इंग्रजी आद्याक्षरं. चार कागद, चार माणसं. कंपनीनं कागद तपासायला नेमलेल्या एजन्सीच्या लेखी ही खरोखरच चार माणसं असतात. जॉइनिंग तीन आठवडे पुढं गेली.

हे असं करा:

१. दहावीचं मार्क्स कार्ड मूळ धरा. त्यावरचं स्पेलिंग आणि क्रम एका कागदावर अक्षर न अक्षर उतरवून घ्या.

२. आधार आणि पॅन त्याच्याशी जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रात पावतीवर सही करण्याआधी स्पेलिंग तिथंच, उभ्या उभ्या वाचा. आधी आधार, मग पॅन. उलट केलंत तर पॅन पुन्हा बदलावं लागेल.

३. चूक मार्क्स कार्डातच असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि त्याला वेळ लागतो. तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा.

४. शहराचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेलगाम'चं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. जुन्या कागदांवर जुनं असणारच, त्यानं बिघडत नाही. अर्जात मात्र आधारवर आहे तेच, सगळीकडे एकसारखं लिहा.

५. पत्ता. गावात तपासणीला माणूस आला की तो घरनंबर विचारतो, आणि गावात कुणालाच कुणाचा घरनंबर ठाऊक नसतो. गल्लीचं नाव, देऊळ किंवा डेअरी अशी खूण आणि घरातल्या माणसाचा चालू फोन नंबर द्या. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "कोण, सागर? आमच्यात बंड्या म्हणतात, सागर कोण नाही" असं सांगून एजन्सीचा माणूस परत पाठवलेला मला माहीत आहे.

आता टक्के. एसएसएलसीचे गुण ६२५ पैकी असतात, पीयूसीचे (बारावीचे) ६०० पैकी. एसएसएलसीला ३७० मिळाले असतील तर ५९.२ टक्के. अर्जात ६० लिहायचं नाही. कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० मागतात तेव्हा जाहिरातीत 'थ्रूआउट' असा शब्द असतो, तो शोधून वाचा. पीयूसीला फक्त फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची सरासरी टाकणं ही तर नेहमीची चूक. वेगळं मागितलं नसेल तर सगळे विषय धरा. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) सीजीपीएचे, म्हणजे १० पैकी मिळणाऱ्या सरासरी गुणांकाचे, टक्के करताना आपल्या स्कीमचं (अभ्यासक्रमाच्या वर्षाचं) सूत्र पाहा. २०१८ च्या स्कीममध्ये ०.७५ वजा करून १० नं गुणतात, म्हणजे ६.७ चे ५९.५ टक्के होतात, ६७ नव्हेत. हा फरक तपासणीत उघडा पडला की दिलेली ऑफरही परत घेतली जाते, आणि मुद्दाम केलं की चुकून हे कुणी विचारत बसत नाही.

चंदगड, गडहिंग्लजकडून बारावी करून बेळगावात आलेल्यांनी अर्जात बोर्ड निवडताना दहावीसाठी एक आणि बारावीसाठी एक, दोन्ही वेगवेगळे तपासून टाका. आणि डोमिसाईलची काळजी सोडा. खाजगी कंपनी तुम्ही कुठल्या राज्याचे हे विचारत नाही. सीमावाद आपल्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही.

*तपासा: दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, आधार, पॅन हे सगळं एकाच फोल्डरमध्ये पीडीएफ करून, फाईलच्या नावासकट नीट लावलंय का? मोबाइलनं तिरका काढलेला, कडेला चादर दिसणारा फोटो चालत नाही.*

टप्पा २: एक भाषा, एक डेटाबेस

जावा किंवा पायथन, दोन्हीपैकी एक. "दोन्ही थोडं थोडं येतं" म्हणणाऱ्याला मी पुढचा प्रश्न विचारला की दोन्हीकडून रिकामा सापडतो. त्याच्या जोडीला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ते टाळणारी मुलं फार, आणि सर्व्हिस कंपनीत पहिल्या दिवसापासून लागतं तेच.

आठ आठवडे धरा. पहिले चार भाषेचे: लूप, ॲरे, स्ट्रिंग, फंक्शन, मग क्लास, इनहेरिटन्स, ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक. पुढचे दोन एसक्यूएलचे: जॉइन, ग्रुप बाय, प्रायमरी की आणि युनिक की. शेवटचे दोन नुसते हातानं, वहीत कोड लिहायचे. वहीत का? पॅनेल बऱ्याचदा कोरा कागद पुढं सरकवतं, आणि एडिटर चूक दाखवणार नसतो.

पाठांतराचं एक उदाहरण देतो. "दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोध" हा प्रश्न सगळे पाठ करून येतात. उतरत्या क्रमानं लावायचं आणि लिमिट-ऑफसेटनं दुसरी ओळ उचलायची. मी म्हणतो, टेबलात पगार ५०, ५० आणि ४० हजार आहेत, आता? दुसरी ओळ पुन्हा ५० च येते. इथं निम्मी मुलं गप्प होतात. ज्यानं स्वतः टेबल करून पाहिलंय तो म्हणतो, "सर, मग आधी डिस्टिंक्ट घ्यायला पाहिजे, म्हणजे सारखे पगार एकदाच येतील, नाहीतर आतल्या क्वेरीत सगळ्यात मोठा पगार काढून बाहेर त्याहून लहानांतला मोठा." त्याला पुढं फार विचारायची गरज पडत नाही. तसंच "ट्रंकेट रोलबॅक होत नाही" हे वाक्य, म्हणजे टेबल एका फटक्यात रिकामं करणारी आज्ञा मागं घेता येत नाही. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये खरं आहे, पण पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत केलेलं ट्रंकेट मागं घेता येतं. उत्तर देताना कुठल्या डेटाबेसबद्दल बोलताय ते सांगा, वजन आपोआप वाढतं.

टप्पा ३: प्रोजेक्ट, तुमचा स्वतःचा

चेहरा ओळखून हजेरी, पिकावरचा रोग ओळखणं, घरांच्या किमतीचा अंदाज. एका दिवसात हे तिन्ही प्रोजेक्ट तीन-तीनदा ऐकून झालेले असतात. प्रोजेक्ट मोठा असावा असा गैरसमज आहे. तो तुमचा असावा, इतकंच.

चंदगडकडचा एक मुलगा आला होता. त्यानं काकाच्या दूध डेअरीचा हिशेब लिहिणारा साधा प्रोग्राम केलेला. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल. दिसायला अगदी ओबडधोबड, पडदा राखाडी, बटणं वाकडी. मी विचारलं, "दहा दिवसांच्या मधेच संघानं दर वाढवला तर?" तो हसला. "तेच झालं सर. पहिल्या वेळी सगळं जुनं बिल पण नव्या दरानं आलं, काका भडकला. मग दर वेगळ्या टेबलात ठेवला, कधीपासून लागू ती तारीख लावून." वीस मिनिटांच्या मुलाखतीत बारा मिनिटं आम्ही दुधावर बोललो. तो निवडला गेला.

तुमच्या आजूबाजूला असं काय आहे बघा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत जॉबची नोंद अजून वहीत होते. उसाच्या वजनाच्या पावत्या, महिला मंडळाची भिशी, किराणा दुकानाची उधारी. चार टेबलं, तीन स्क्रीन, एवढ्यात काम होतं.

कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट सांगायचाच असेल तर आपला वाटा आधी ठरवा. "प्रोजेक्ट चौघांनी केला खरं कोडिंग मित्रानं केलं" हे वाक्य प्रामाणिक आहे, खरं त्यापुढं बोलायला काही उरत नाही. (आपलं हे 'पण'च्या जागचं 'खरं' पुण्याच्या पॅनेलला कळत नाही, हे जाता जाता.) तुम्ही फक्त टेस्टिंग केलं असेल तर टेस्टिंगच सांगा, कुठल्या तीन चुका सापडल्या ते सांगा.

*तपासा: प्रोजेक्ट आईला किंवा आत्याला मराठीत पाच मिनिटांत सांगता येतो का? तिला कळला तर मग इंग्रजीत सांगायला बसा. मराठीत अडखळत असाल तर अडचण इंग्रजीची नाही.*

टप्पा ४: रेझ्युमे

एक पान. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, "वरील माहिती सत्य आहे" हे सगळं काढा. छंदही काढा, जर त्यावर दोन मिनिटं बोलता येत नसेल तर. रेझ्युमेतला प्रत्येक शब्द म्हणजे पॅनेलला दिलेलं आमंत्रण. 'मशीन लर्निंग' लिहिलंत तर मी तेच विचारणार.

टप्पा ५: ऑनलाइन परीक्षा

टीसीएसची एनक्यूटी घ्या किंवा दुसऱ्या कुणाची, साचा साधारण एकच: गणित, तर्क, इंग्रजी आणि कोडिंग. गणित आठवी-दहावीचंच असतं (टक्केवारी, काळ-काम, गती, गुणोत्तर), अडचण वेळेची. रोज तीस प्रश्न, घड्याळ लावून, सहा आठवडे. यापेक्षा वेगळी युक्ती मला माहीत नाही.

घरून परीक्षा देणाऱ्यांनी हे मात्र बघा. कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवलेली असते. खाली पाहणं, खोलीत दुसरा माणूस, दुसरा आवाज, सगळं नोंदलं जातं. घरच्यांना सांगून दाराला आतून कडी घाला, नाहीतर ऐन कोडिंगच्या वेळी चहा घेऊन कुणीतरी येतंच. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पावसात हेस्कॉमची लाइट आणि नेटवर्क दोन्हीवर भरवसा ठेवू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज, वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार. फारच आतलं गाव असेल तर आदल्या रात्री बेळगावात मित्राच्या रूमवर मुक्काम करा.

टप्पा ६: टेक्निकल मुलाखत

समोरासमोर असेल तर प्रवासाचं आधी बघा. पुण्याला हिंजवडीत जायचं तर मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या बसनं थेट वाकडला उतरा. स्वारगेटला उतरून पहाटे शहर ओलांडत बसू नका. बेंगळुरूला वंदे भारत पहाटे सुटते आणि दुपारी पोचते, म्हणजे सकाळच्या मुलाखतीला ती आदल्या दिवशी धरावी लागते. नाहीतर रात्रीची रेल्वे. इलेक्ट्रॉनिक सिटीला मॅजेस्टिकहून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं आर. व्ही. रोड, तिथून पिवळा मार्ग.

आत गेल्यावरचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो.

१. "स्वतःबद्दल सांगा." नव्वद सेकंद. रेझ्युमे वाचून दाखवू नका, तो माझ्या हातात आहे. गाव, शिक्षण हे दोन वाक्यांत संपवा आणि प्रोजेक्टवर या. शेवटचं वाक्य ज्यावर थांबाल त्यावर पहिला प्रश्न येतो, म्हणून थांबायचं कुठं ते घरूनच ठरवून जा.

२. प्रोजेक्ट. वर सांगितलं.

३. कोड. इथं आपली मुलं हमखास एक चूक करतात: गप्प बसून लिहितात. दहा मिनिटं शांतता. मला आत काय चाललंय ते कळत नाही. लिहिण्याआधी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा, एक छोटं उदाहरण घ्या, मग बोलत बोलत लिहा. अडकलात तर कुठं अडकलात ते सांगा. पॅनेल हात देतं. अर्धवट कोड आणि स्पष्ट विचार यावर मी निवड केलेली आहे. बरोबर कोड लिहून एकही ओळ समजावता न आलेल्याला नाकारलंयही.

४. येत नसलेला प्रश्न. "सॉरी सर" म्हणून मान खाली घालू नका, आणि गोलगोल फिरवूही नका. "हे मी वापरलेलं नाही, पण नावावरून असं वाटतं" एवढं पुरे.

इंग्रजीची भीती मोठी असते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. मीही तिथूनच आलो. व्याकरण चुकलेलं चालतं. वाक्य पूर्ण न होणं चालत नाही. लहान वाक्यं करा. रोज पंधरा मिनिटं मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. पहिला आठवडा स्वतःचाच आवाज ऐकवत नाही, तेवढं सोसा. पॅनेलवरचा माणूस कन्नड किंवा मराठी बोलायला लागला तर त्याच भाषेत उत्तर द्या, पण तो इंग्रजीवर परतला की तुम्हीही परता.

*इशारा: ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या स्क्रीनवर उत्तर वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात. ते आम्हाला दिसतं.*

टप्पा ७: एचआर

हा फेरा औपचारिक समजून बेसावध जाणारे बरेच. प्रश्न तीनच असतात: कुठेही जाल का, कुठल्याही शिफ्टला चालेल का, लगेच पुढं शिकायला जाणार का. कंपनीला माणूस क्लायंट असेल तिथं आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे हवा, म्हणून हे प्रश्न. "फक्त पुणे" म्हणणार असाल तर परिणाम माहीत असू द्या. घरी खरी अडचण असेल तर सांगा, पण घरच्यांशी बोलणं मुलाखतीआधी करा. मुलींच्या बाबतीत तर हे फार होतं: इथं "हो" म्हणतात आणि चेन्नईचं पत्र आल्यावर घरात पहिल्यांदा चर्चा सुरू होते. दोन वाईट दिवस सगळ्यांचेच जातात.

फ्रेशरच्या पगारावर घासाघीस होत नाही. प्रयत्न करू नका.

टप्पा ८: ऑफर आणि हातातला पगार

लेटर ऑफ इंटेंट (घ्यायचा इरादा कळवणारं पत्र) आणि ऑफर लेटर वेगळं. पहिल्यात जॉइनिंगची तारीख नसते, आणि ती महिनोन्महिने येत नाही असंही होतं. ते मिळालं म्हणून बाकीचे अर्ज थांबवू नका, आणि गावभर पेढे तर वाटूच नका.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३,६०,००० म्हटल्यावर घरात महिना ३०,००० चा हिशेब लागतो. खरा हिशेब असा. समजा बेसिक १५,००० आणि दहा टक्के रक्कम व्हेरिएबल, म्हणजे दरमहा न येता कामगिरीप्रमाणे मिळणारी. ३०,००० मधून व्हेरिएबलचे ३,०००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२१ वजा केले की २४,४७९ उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८००. उरले २२,६७९. पुण्यात असाल आणि पुरुष असाल तर व्यवसाय कराचे २०० अजून जातात. बेंगळुरूत २५,००० च्या आतल्या पगाराला तो लागत नाही. विम्याचा हप्ता वेगळा. थोडक्यात, बावीस हजार धरून खोलीभाडं ठरवा.

सही करण्याआधी तीन कलमं वाचा: ट्रेनिंगची परीक्षा नापास झाल्यास काय, किती महिन्यांचा बाँड (मधेच सोडल्यास पैसे भरायचा करार) आणि त्याची रक्कम किती, नोटीस पिरियड किती. सर्व्हिस कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड नवलाचा नाही.

*इशारा: नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, "लॅपटॉपचं सिक्युरिटी" असं काहीही मागितलं तर तिथंच थांबा. ऑफरचा मेल फुकटच्या जीमेलवरून आला असेल तरी थांबा. बनावट अनुभवाचं पत्र विकत घेऊन देणारे एजंटही फिरतात. पीएफच्या यूएएन क्रमांकावर नोकरीचा सगळा इतिहास दिसतो, त्यामुळे ते पहिल्याच तपासणीत उघडं पडतं. मूळ मार्क्स कार्ड कुणाकडंही ठेवून येऊ नका. कंपनी ती बघते आणि लगेच परत देते.*

टप्पा ९: जॉइनिंग आणि बेंच

पहिल्या दिवशी टप्पा १ चं फोल्डर, मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, फोटो. नंतर ट्रेनिंग. इन्फोसिसमध्ये असाल तर ते मैसूरला असतं, बाकीच्यांत कुठेही.

ट्रेनिंग संपलं की प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंच. इथं बरीच मुलं सुट्टी समजून बसतात. क्लायंट बिल देत नाही तोवर तुम्ही खर्चाच्या रकान्यात असता, आणि किती दिवस तिथं आहात ते मोजलं जातं. मागणी आली की कंपनीच्या आतच पुन्हा मुलाखत होते, कधीकधी थेट क्लायंटबरोबर, आणि तिचा मेल सकाळी येऊन दुपारची वेळ मागतो. त्याला तासाभरात उत्तर द्या. कंपनीच्या पोर्टलवर कौशल्यांचा फॉर्म असतो, तो पहिल्याच आठवड्यात भरा आणि महिन्याला ताजा करा. मॅनेजर माणूस शोधताना तिथंच शब्द टाकून शोधतो. त्यात 'प्रोजेक्टचं वर्णन' नावाची एक रिकामी चौकट असते, बहुतेक जण ती तशीच सोडतात. डेअरीवाल्या त्या मुलानं दूध, दर आणि तारखेची भानगड तिथंही चार ओळींत लिहून ठेवली होती. पहिला प्रोजेक्ट त्याला बिलिंगचाच मिळाला.